जोना लोमूचे सामर्थ्य

चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन भूमीस टेकविणे, यास रग्बीत ‘ट्राय’ म्हणतात. १९९५ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडच्या जोना लोमूने इंग्लंडविरुद्ध असे ४ ट्राय केले. आडवा आलेल्या माइक कॅटला तर तो अक्षरशः तुडवून पुढे गेला! वय अवघे २० वर्षांचे. हौशी म्हणून मिरवणाऱ्या रग्बी युनियनने धंदेवाईक खेळाडूंस त्याच वर्षी मान्यता दिली आणि लोमूची कीर्ती दिगंतात पसरली.

त्याची थोरवी लोक आजही त्या एका सामन्यावरून मोजतात. हे माप अपुरे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्याचे आढळले. प्रेक्षकांस धिप्पाड देह तेवढा दिसे. आतली झीज कोणास दिसणार? १९९५ च्या स्पर्धेत त्याने एकूण ७ ट्राय केले होते. व्याधी जडलेली असताना, १९९९ मध्ये, ८ केले. विश्वचषक मात्र दोन्ही वेळा हुकला.

२००४ मध्ये त्याच्यावर मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया झाली. पुढल्याच वर्षी तो वेल्समधील कार्डिफच्या संघातून पुन्हा मैदानात उतरला. पूर्वीचा वेग आता उरला नव्हता, म्हणून काहींनी हे पुनरागमन फसले असे म्हटले. तो निर्णय उतावळा होता. २०१५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, लोमू निवर्तला.