आधी मोजमाप, मग अनुदान



पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना जी जागा दिली, तिच्यावर आपले अफझलगंज वसले. गंज म्हटला की काटा आलाच. आपला शेतकरी पोते काट्यावर चढवतो आणि वजन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून तेथून हलत नाही. पावशेर कमी भरले तरी वाद घालतो, आणि ते योग्यच आहे. पण हाच शेतकरी घरी विजेचे बिल हाती पडले की फक्त खालचा आकडा पाहतो. किती युनिट जळले, कशात जळले, त्यातले किती कामी आले आणि किती वाया गेले, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. या पानावर आम्ही नेहमी शेती आणि आरोग्य यांविषयी लिहितो. या खेपेस विजेविषयी लिहीत आहोत, कारण तिचा संबंध या दोहोंशी आहे.

सरकारकडून आज सवलती पुष्कळ मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने 'पंतप्रधान सूर्यघर' योजना मंजूर केली. तिच्यात छपरावर एक किलोवॅटचे सौर संच बसविणाऱ्यास 30,000 रुपये, दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठेवले आहे. तेलंगणात मार्च 2024 पासून 'गृहज्योती' योजनेखाली पांढऱ्या रेशनकार्डाच्या कुटुंबांना महिन्याला 200 युनिटपर्यंत शून्य बिल येऊ लागले. शेतीच्या पंपांना 1 जानेवारी 2018 पासून चोवीस तास मोफत वीज देण्यास सुरुवात झाली. या सवलतींनी गरिबाच्या घरी उजेड आला, हे आम्ही आनंदाने मान्य करतो.

परंतु आमचे म्हणणे असे आहे की, या साऱ्या योजना वस्तू देतात, वीज देतात, पैसे देतात. घराची तपासणी मात्र करून देत नाहीत. वैद्याने नाडी न पाहता औषध द्यावे, तसा हा प्रकार झाला. ज्या घराचे काम काटकसरीने एक किलोवॅटवर भागले असते, त्या घरावर दोन किलोवॅटचे संच चढतात. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम कर्जाऊ काढली असेल, तर त्या जास्तीच्या किलोवॅटचे व्याज घरधन्याच्याच माथी बसते.

शिवाय छपराचे अनुदान ज्याचे छप्पर त्याला. या जुन्या गल्ल्यांतून भाड्याने राहणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांना छपरावर हक्क नाही, म्हणून सौर संचही नाही. पण पंखा त्यांचा, दिवा त्यांचा आणि बिलही त्यांचेच. तपासणीची आणि लहान सुधारणांची सवलत असती, तर ती या घरांपर्यंत पोचली असती.

'गृहज्योती'चाच हिशेब घेऊ. 200 युनिटपर्यंत शून्य. पण ही रेषा ओलांडली की साऱ्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. म्हणजे वरचे पाचदहा युनिट एका महिन्यात हजाराच्या घरात खर्च वाढवू शकतात. आणि ही रेषा बहुधा उन्हाळ्यातच ओलांडली जाते, जेव्हा शेतात काम नसते आणि घरात पैसाही नसतो.

आता पंखा पाहा. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. दिवसाला चौदा तास चालला तर महिन्याला साधारण 31 युनिट होतात. नव्या बीएलडीसी जातीचा पंखा सुमारे 30 वॅटवर तेवढाच वारा देतो; त्याचे महिन्याला 13 युनिटही होत नाहीत. दोन पंखे बदलले तर 37-38 युनिट वाचतात. उन्हाळ्यात 215 युनिट जाळणारे घर 180 च्या आत येते, आणि बिल शून्य होते. नवा पंखा साध्यापेक्षा महाग आहे खरा. पण वर्षातून दोनतीन महिने जरी बिल वाचले, तरी त्याची किंमत फार दिवस अंगावर राहत नाही. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे. बेगमबाजारात पंखा घ्याल तेव्हा रंग नंतर पाहा, तारे आधी पाहा.

दिव्यांच्या बाबतीत हे आपण अनुभवलेलेच आहे. जानेवारी 2015 मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारने बल्ब एकगठ्ठा विकत घेतले, म्हणून एलईडी बल्बची खरेदीची किंमत 310 रुपयांवरून दोनतीन वर्षांत 38 रुपयांवर उतरली. या योजनेत थेट अनुदान नव्हते, तरीही 36 कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. पंख्यांसाठी याच जोमाने काम झाले, तर आमच्या मते फुकट युनिटांपेक्षा गरिबाचे अधिक भले होईल.

आरोग्याची बाजू छपराशी निगडित आहे. दिवसभर तापलेला स्लॅब किंवा पत्रा रात्री उष्णता खाली सोडतो. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे झोपेवाचून तळमळतात, आणि दिवसा उन्हातून आलेल्या माणसाचे अंग रात्रीही निवत नाही. तेलंगणाने 2023 मध्ये पाच वर्षांसाठी थंड छपरांचे धोरण जाहीर केले. 600 चौरस यार्डांपेक्षा लहान जागेवरील घरांना ते ऐच्छिक ठेवले आहे. आपली घरे बहुतेक या लहान घरांतच मोडतात. म्हणजे सक्ती नाही, आणि कोणी सांगायलाही येत नाही. छपरावर पांढरा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग दिला, तर खोलीची उष्णता काही अंशांनी उतरते आणि पंखाही कमी वेगावर भागतो. हे काम मार्च लागण्यापूर्वी करावे.

शेतावरही हेच. फुकट विजेचा पंप स्वयंचलित स्टार्टरवर सोडून शेतकरी घरी जातो. वीज आली की पंप आपोआप चालू होतो. बोअरमध्ये पाणी असो वा नसो. पाण्यावाचून फिरलेली मोटर जळते, आणि मोटर बांधण्याचा खर्च सरकार देत नाही, तो आपल्याच खिशातून जातो. भूजल उतरते ते वेगळेच. 2004 मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशात शेतीला मोफत वीज जाहीर झाली, तेव्हा पुढे तिच्याबरोबर कपॅसिटर, कमी घर्षणाचा फूट व्हॉल्व्ह, चांगल्या प्रतीचा पंप आणि योग्य पाइप यांची अट घालण्यात आली होती. अट शहाणपणाची होती. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला तर जुने पंप काढून कार्यक्षम पंप बसविण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प झाला. कागदावरचे शहाणपण बांधावर आणायचे काम मात्र आपले आहे.

दूरदेशीही हा विचार झाला आहे. अमेरिकेत 2023 पासून 2025 च्या अखेरपर्यंत घराची ऊर्जा तपासणी करून घेणाऱ्यास त्या खर्चाच्या 30 टक्के, कमाल 150 डॉलर, करात सूट मिळत असे. ती सवलत आता बंद झाली. पण तपासणी हीदेखील पैसे देण्याजोगी गोष्ट आहे, हे तिने मान्य केले होते. आपल्याकडे 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा मोठ्या कारखान्यांकडून तपासणी करून घेतो. मग सूर्यघराचे अनुदान देताना, नवा मीटर बसवायला आलेल्या माणसाबरोबर एक शिकलेला तपासनीस का येऊ नये? पॉलिटेक्निक आणि आयटीआयची मुले हे काम करू शकतील. त्यांना मानधन द्या, आणि तपासणीत जो दोष निघेल त्याच्या दुरुस्तीला अनुदानाचा पहिला वाटा द्या. आमची सरकारकडे एवढीच मागणी आहे.

तोवर आपण हात बांधून बसू नये. प्रत्येक घराने एक वही करावी. रोज सकाळी ठरल्या वेळी मीटरचा आकडा लिहावा. एके रात्री फ्रीजसह घरातील सर्व बटणे बंद करून मीटरचा लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असेल, तर कोठेतरी वीज गळते आहे असे समजून जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवावे. स्वतः तारांना हात लावू नये. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे. फ्रीजचे दार नीट बसते की नाही हे दारात कागद धरून पाहावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलावा. शेतावरच्या स्वयंचलित स्टार्टरची गाठ मात्र आजच सोडवावी.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नको असलेला दिवा मालवण्याची साधी सवयही सृष्टीच्या प्रेमात गणली. फुकट मिळालेली वीज कोणाची तरी असतेच: ती सिंगरेणीच्या कोळशाची असते, खाणीत उतरणाऱ्या मजुराच्या घामाची असते, आणि राज्याच्या तिजोरीत सर्वांनी भरलेल्या पैशांची असते. बिल शून्य आले म्हणजे आपली जबाबदारीही शून्य झाली, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही.

महिनाभर वही लिहा. पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर त्या वह्या घेऊन या. ज्यांना हिशेब जमत नाही त्यांना युवकांनी बसून करून द्यावा. मग अनुदानाचा अर्ज भरायचा की नाही, आणि किती किलोवॅटचा, हे आपले आपल्यालाच कळेल.