अंगवळणी

'अंगवळणी पडणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण त्यात फार मोठे निरीक्षण दडलेले आहे. सवय मनाला लागते असे आपण समजतो; भाषा मात्र सांगते की ती अंगाला पडते. मानेला, पाठीला, हाताला, जिभेला. म्हणून मनाने सोडलेली गोष्टही अंग लवकर सोडत नाही. जातीच्या बाबतीत हे जितके खरे आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाच्या बाबतीत असेल.

गावगाड्यातला जोहार आठवावा. येसकर वाड्यासमोर आला की पाय आपोआप दूर थांबत, मान खाली जाई, आवाज उतरे आणि तोंडून 'जोहार मायबाप' निघे. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नसे. तो करावा लागू नये, हीच त्या व्यवस्थेची करामत होती. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली, १९५८ च्या कायद्याने वतन गेले. परंतु मानेचा बाक कोणत्याही राजपत्राने निघत नाही.

कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १९२२ साली 'ह्यूमन नेचर अँड कंडक्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पोक काढून वावरणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. त्याला 'ताठ उभा राहा' असे सांगून काही साधत नाही. तो क्षणभर छाती पुढे काढतो, एका वाकडेपणाच्या जागी दुसरा वाकडेपणा आणतो, आणि लक्ष ढळताच पूर्ववत होतो. इच्छा पुरेशी नसते. जुन्या वळणाच्या आड एखादी वेगळी, प्रत्यक्ष कृती आणून उभी करावी लागते, असे ड्यूईंचे प्रतिपादन आहे. हा विचार समोर ठेवून १९२७ सालाकडे पाहावे.

त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी बाबासाहेब कोरेगावच्या जयस्तंभाला आले होते, पुढे आपल्या दौंडला येणाऱ्या त्याच भीमेच्या काठी. मार्चमध्ये महाडची परिषद झाली. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. म्हणजे परवानगी कागदावर तीन वर्षे पडून होती आणि ओंजळ पाण्यापर्यंत गेली नव्हती. भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती. २० मार्चला पाणी प्यायल्यानंतर आपल्या लोकांनी मार खाल्ला. तरीही भीतीइतकीच घट्ट दुसरी गोष्ट होती: पाण्याजवळ गेले की थबकणारे पाऊल. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी भाषणावर भिस्त ठेवली नाही. ते स्वतः तळ्यावर चालत गेले आणि हजारो माणसे त्यांच्यामागे गेली.

त्याच परिषदेत त्यांनी मृतमांस आणि उष्टे अन्न सोडण्यास सांगितले. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथेच स्त्रियांपुढे त्यांनी केलेले भाषण मला तितकेच क्रांतिकारक वाटते. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, जात ओळखू येईल असे जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. इतिहासाचे विद्यार्थी याला तपशील समजून पुढे जातात. रोज सकाळी न पाहता निऱ्या घालणारा हात त्या दिवशी थांबला, अडखळला, नव्याने शिकला. याला तपशील कसे म्हणावे?

'जय भीम'चेही तसेच. या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. समोर कोणी आले की तोंड उघडणारच. नेमक्या त्याच क्षणी जोहाराच्या जागी दुसरा शब्द ठेवला गेला. आणि 'जय भीम' मान खाली घालून म्हणताच येत नाही!

दौंड हे रेल्वेचे गाव. इंजिनातील चालक आणि सहचालक सिग्नल दिसताच त्याची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात, हे येथील अनेक घरांना ठाऊक आहे. जपानमध्ये तर रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून उच्चार करतात. रोज पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसते, पण पाहिली जात नाही. म्हणून हात आणि जीभ कामाला लावायची. तथागतांनी सतिपट्ठानात चालताना, उभे राहताना, बसताना, निजताना जागे राहण्यास सांगितले, ते याहून फार वेगळे नाही.

आता आपल्याकडे वळू. वंदना पाठ झाली की तीही अंगवळणी पडते; ओठ हलतात आणि मन न्याहारीच्या रांगेत असते. पंचशील म्हणता म्हणता मधेच थांबवून एखाद्या मुलाला 'आत्ता काय म्हणालास, मराठीत सांग' असे विचारावे. गोंधळ होतो, हसू होते, पण त्या दिवशीचे शील ऐकले जाते. 'आडनाव काय?' हा प्रश्नही तसाच. एस.टी.त शेजारी बसलेल्याला तो विचारला जातो कशासाठी, हे आपल्याला सोसून ठाऊक आहे. तरी सोयरीक जुळवताना आपणही पोटजातीपर्यंत जाऊन थांबतो. मग बावीस प्रतिज्ञा कोणासाठी घेतल्या?

पालकांना मात्र एक स्पष्ट विनंती आहे. वसतिगृहात प्रत्येक मुलगा आपले ताट स्वतः धुतो. ही सवय लागायला एक सत्र जाते आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत जाते. कारण घरी तो जेवून उठतो आणि ताट आई किंवा बहीण उचलते. कोणी सांगत नाही, कोणी मागत नाही. हात आपोआप पुढे होतो. जोहारही असाच आपोआप होत असे. या सुट्टीत त्याचे ताट उचलू नका. पहिल्या दिवशी ते तिथेच पडून राहील, माश्या बसतील, पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखे होईल. तरी राहू द्या.