धुराची चव घेणारा सेन्सर

मैत्रिणींनो, आमच्या पिंपरी-चिंचवडला घरोघरी कुणी ना कुणी गाड्यांच्या कारखान्यात असतंच. जेवतानाही गोष्टी चाकणच्या आणि भोसरीच्या. तरी आपल्या स्कूटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपण म्हणतो, "चालतेय ना? मग जाऊ दे." हे 'जाऊ दे' महागात पडतं, म्हणून आज त्या दिव्याविषयी.

शेगडीची ज्योत पिवळी झाली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. हवा कमी पडते, गॅस पुरता जळत नाही, पातेल्याचं बूड काळं होतं. इंजिनातही तेच. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ती कमी पडली तर पेट्रोल वाया जातं आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून अधिकच घातकी.

शेगडीची ज्योत दिसते, इंजिनातली कशी दिसणार? म्हणून धुराच्या नळीत बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर बसवतात. त्यात झिर्कोनिया नावाचा, चिनीमातीच्या जातीचा पदार्थ असतो. त्याच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. तो तीनशे अंशांच्या वर तापला की दोन्हीकडच्या प्राणवायूतल्या फरकाने किंचित वीज तयार होते. धुरात प्राणवायू उरलाच नाही तर सुमारे ०.९ व्होल्ट, बराच उरला तर ०.१. आमटीची चव घेऊन आपण पाणी वाढवतो ना, तसा गाडीतला छोटा संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. मी बी.ए.वाली, पण एवढं मला चटकन पटलं!

जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो मोटारीत प्रथम आला. आपल्या बहुतेक स्कूटरींत तो १ एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ नियमांनंतर आला. गाड्यांचा धूर तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. चाकणलाही तिचं केंद्र आहे.

आता कामाचं. किल्ली फिरवल्यावर दिवा लागून इंजिन सुरू होताच विझला, तर ठीक. लागूनच राहिला, तर दोन-चार दिवसांत गाडी दाखवा. मोटार चालवताना लुकलुकू लागला, तर वेग कमी करून सोयीच्या जागी थांबाच. न जळलेलं पेट्रोल पुढच्या कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि त्याची जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, म्हणजे सगळा दागिन्यांच्या भावाचा माल!

दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं मात्र नाही. खराब प्लग, सुटलेली वायर, सायलेन्सरच्या जोडातली गळती, काहीही असेल. मेकॅनिकला आधी कोड वाचायला लावा आणि कारण विचारा. नुसता दिवा विझवून पैसे मागणाऱ्याला पुन्हा गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि गरम होईपर्यंत ना सेन्सर नीट काम करतो ना कन्व्हर्टर. तेव्हा जिन्याखाली स्कूटर चालू ठेवून विसरलेला डबा आणायला वर पळू नका. आधी बंद करा, मग डबा आणा.