डेव्ह एडमंड्स : परक्या गाण्यांचा कर्ता

डेव्ह एडमंड्स या वेल्श गायकाचा विषय निघाला की त्याने स्वतःची गाणी फारशी रचली नाहीत, ही उणीव अनेकदा पुढे केली जाते. आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापक. 'स्वतंत्र निर्मिती' या शब्दाचा धाक आमच्याही मनावर वर्षानुवर्षे होता. एडमंड्स ऐकू लागल्यापासून मात्र तो ओसरू लागला आहे.

त्याचा जन्म १९४४ सालचा, कार्डिफचा. 'लव्ह स्कल्प्चर' या त्रिकुटातून त्याने १९६८ मध्ये खाचातुर्यानचे 'सेबर डान्स' गिटारवर अफाट वेगाने वाजवले आणि नाव कमावले. पण ती केवळ बोटांची चपळाई होती. त्याची खरी घडण झाली ती वेल्समधील मॉन्मथजवळच्या रॉकफील्ड येथे. किंग्स्ली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी तेथे घरच्या शेतावरच ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला होता. कलावंतांच्या राहण्याचीही सोय तेथेच होती. एडमंड्स यंत्रांच्या सान्निध्यात रात्री घालवू लागला आणि गायकाचा ध्वनिमुद्रक झाला.

या घडणीचे फळ म्हणजे १९७० चे 'आय हिअर यू नॉकिंग'. हे गाणे मूळचे न्यू ऑर्लीन्सच्या स्मायली लुईसचे, १९५५ सालचे. त्यात पियानो संथपणे डुलत असतो. एडमंड्सने ते डुलणे काढून टाकले, गिटारचा कोरडा ठेका धरला आणि स्वतःचा आवाज इतका दाबून, आवळून घेतला की तो टेलिफोनच्या तारेतून येत असल्याचा भास व्हावा. बहुतेक वाद्ये त्याने एकट्यानेच वाजवली : टेपच्या एका पदरावर एक वाद्य घ्यायचे, ते ऐकत पुढच्या पदरावर दुसरे चढवायचे. ब्रिटनमध्ये हे गाणे सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. आम्हांला भावते ते वेगळेच. गाण्याच्या मध्यावर तो आपल्या पूर्वसुरींची नावे पुकारतो, त्यात खुद्द लुईसचेही नाव आहे. उसनवारी झाकणारा माणूस असे करील काय? हे एका गाण्याचे दुसऱ्याने केलेले वाचन आहे, आणि लेखणीच्या जागी येथे मिश्रणफलकावरच्या कळा आहेत. ज्ञानदेवांना 'टीकाकार' म्हणताना ज्या समाजाला त्यात काही कमीपणा वाटत नाही, त्याला तरी हे समजायला हरकत नसावी.

पुढच्या टप्प्याविषयी आमच्या दोघांत एकमत नाही. फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वादकांची दाटी करून नादाची भिंत उभारत असे. एडमंड्सने १९७३ मध्ये 'बेबी आय लव्ह यू' आणि 'बॉर्न टू बी विथ यू' या गाण्यांत स्वतःच्याच आवाजाचे थर रचून तशीच भिंत जवळजवळ एकट्याने उभी केली. आमच्यापैकी एकाला हा त्याच्या कारागिरीचा कळस वाटतो. दुसऱ्याला ही निव्वळ नक्कल वाटते, कारण येथे वाचन संपून पाठांतर सुरू होते. हा वाद आम्ही मिटवलेला नाही.

निक लोसोबतच्या 'रॉकपाइल'ने त्याला या एकांतातून बाहेर काढले. करार वेगवेगळ्या कंपन्यांशी असल्याने चौघांचे वादन अनेकदा एकट्या एडमंड्सच्या किंवा लोच्या नावाखाली प्रसिद्ध होई. संचाच्या स्वतःच्या नावाने एकच अल्बम निघाला, १९८० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी संच मोडला. १९८३ च्या 'इन्फर्मेशन'मध्ये एडमंड्सने दोन गाण्यांची सूत्रे जेफ लिनकडे दिली. सिंथेसायझरच्या त्या चकचकाटात आम्हांला तो सापडत नाही. इतके दिवस यंत्र त्याच्या हाती होते, येथे तो यंत्राच्या हाती गेला.

तो पुन्हा भेटतो तो काचेपलीकडे, निर्माता म्हणून. एव्हर्ली बंधूंच्या जुळ्या स्वरांवर त्याचा लोभ जुना. रॉकपाइलच्या अल्बमसोबत लो आणि त्याने त्यांची काही गाणी गाऊन जोडली होती. दहा वर्षांच्या अबोल्यानंतर ते बंधू १९८३ मध्ये एकत्र आले आणि १९८४ च्या त्यांच्या अल्बमची निर्मिती एडमंड्सकडे आली. ज्या स्वरांची त्याने आयुष्यभर उजळणी केली, ते मूळ स्वर आता मायक्रोफोनपुढे उभे होते, आणि त्यांपैकी कोणता किती वर, कोणता किती खाली ठेवायचा, हे त्याला ठरवायचे होते.