आस जागेवर आहे



यंदा, २०२५ साली, मृगाची वाट पाहायची वेळच आली नाही. २४ मे रोजी पाऊस केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. हवामान खात्याच्या वेळापत्रकात मुंबईची तारीख ११ जून आहे. रोहिणी नक्षत्र नुकतं लागलेलं, मशागत अर्ध्यावर आणि रानाला वापसा नाही, अशी खरिपाची सुरुवात झाली. पुढे सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडच्या गावांची काय दशा केली ते आपण पाहिलंच. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कुठे पिकाखालची मातीच वाहून गेली. तिथल्या कित्येक घरांत या वर्षी फराळाची कढई चढणार नाही, हे ठाऊक असताना हा दिवाळी अंक छापायला देतो आहोत.

या चार महिन्यांत एक वाक्य जागोजागी कानावर आलं : ‘ऋतुचक्रच बिघडलं.’ आमचं भांडण या वाक्याशी आहे.

ऋतू होतात ते पृथ्वीच्या कलण्यामुळे. तिचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. तो कोन बदलतो, पण ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात, आणि तोही अडीच अंशांच्या आतबाहेर. माणसाच्या आयुष्यात ते जाणवण्याचं कारण नाही. सूर्यापासूनच्या अंतराचं म्हणाल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण त्याच्या सर्वांत जवळ असतो, जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटरनी; आणि नेमके त्याच दिवसांत निफाडचे बागायतदार थंडीपासून द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात! पंचांगकर्त्यांनी अधिक महिना घालून दिवाळी शरदात राखली ती सूर्याच्या भरवशावर. तो भरवसा आजही खोटा ठरलेला नाही.

मग एवढा नेमका आस असताना हवा अशी लहरी का? पुण्याकडे पाहा. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैअखेरीस. मेमधल्या शून्य सावलीच्या दिवशी मुलं गच्चीवर बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहतात. जुलैच्या शून्य सावलीला कोणी गच्चीवर फिरकत नाही, कारण सावली पडायला ऊनच नसतं. दोन्ही दिवशी सूर्याची उंची तीच, दिवसाची लांबी तीच. तरी मेमध्ये दुपारचा पारा सरासरी ३७ अंशांच्या आसपास असतो आणि जुलैत २८च्या. मधले नऊ अंश हवेने खाल्ले. दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उजवीकडे वळतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरतात आणि अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीवर चढतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. त्याच सातारा जिल्ह्यातलं माण पाचशेच्या आसपास घुटमळतं. आस दोघांनाही एकच आहे. पावसाळा कधी, हे मुख्यतः कलण्यावर ठरतं. पाणी कुणाच्या शेतात आणि किती, हे हवेवर.

म्हणून बिघाड शोधायचा तर हवेत शोधावा. उष्णता धरून ठेवणारे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश राहिलं असतं; ते १५च्या आसपास आहे ते या वायूंच्या कृपेने. पण कृपेलाही मर्यादा हवी. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२०च्या वर गेले आहेत. आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ सामावून घेते. ती वाफ पडते तेव्हा कधी कधी आठवड्याचा पाऊस एका रात्रीत उतरतो. सीनेच्या पुराचं सगळं खापर हवेवर फोडू नये, हेही खरं. ओढ्या-नाल्यांवरची अतिक्रमणं आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचं नियोजन यांचा जाब वेगळा मागायला हवा. ‘ऋतुचक्र बिघडलं’ म्हटलं की दोष आकाशाच्या नावावर लागतो आणि माणसं नामानिराळी राहतात.

या अंकातला हवामानावरचा विभाग याच चिडीतून उभा राहिला.  

वाचकांकडे एक मागणं आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात, पण तो मोजतात महसूल मंडळात, आणि एका मंडळात अनेक गावं येतात. एका शिवारात धो धो आणि शेजारच्यात शिंतोडे, असा पाऊस पडू लागला असताना मंडळातल्या एका यंत्रावर गावोगावचं नुकसान कसं ठरणार? आपल्या गावात स्वतंत्र पर्जन्यमापक बसवा, ही मागणी दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या.