बागेंतील जुना ट्रॅक्टर

राहात्याच्या बाजूस पेरूच्या बागांतून लहान ट्रॅक्टर पुष्कळ दिसतात. आमच्या घरचा साडेअठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जुना, परंतु चिरंजीव तो विकूं देत नाहींत. मागचीं चाकें फांद्यांस लागत, म्हणून त्यांनीं डावें चाक उजवीकडे व उजवें डावीकडे बसवून दोहोंतील अंतर कमी केलें. घरांत कौतुक झालें. मींच सर्वांत अधिक केलें.

पुढें एके दिवशीं कालव्याच्या चारीच्या बांधावर वळतांना एका बाजूचें चाक उचललें. मी समोरच उभा होतों! वेग आवरला म्हणून निभावलें. चाकांतील अंतर घटलें कीं गुरुत्वमध्यांतून जाणारी लंबरेषा लवकरच पायाबाहेर पडते. (संस्कृताबरोबर पदार्थविज्ञानाचा तासहि मजकडे असे, ही आकृति मीं फळ्यावर किती वेळां काढिली असेल!)

उलटल्यास चालकास वांचविणारी लोखंडी कमान या जुन्या यंत्रास नाहीं, आणि गांवच्या कारागिराकडून अंदाजानें जोडलेली कमान भरंवशाची नव्हे. तेव्हां बांधाकडे जावयाचें असलें कीं चाकें पूर्ववत् रुंद करावयाचीं, नट आवळावयाचे, व पहिल्या फेरीनंतर ते पुन्हां तपासावयाचे. यांत तासभर मोडतो. चिरंजीव कुरकुरतात, मी पाना घेऊन जवळ बसतों.