तुझा सोलो दुसऱ्याला वाजवू दे

जाझचा सोलो आधी वहीत लिहावा आणि मग तो वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला द्यावा, असं मी म्हणते तेव्हा दोन्हीकडची माणसं नाराज होतात. जाझ ऐकणारे विचारतात, लिहिलेलंच वाजवायचं तर ते जाझ कसलं? आमच्या पेटी-गाण्याच्या जगातले विचारतात, उपज कधी लिहून येते का? मी ठाण्याच्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते, संध्याकाळी घरी पेटीचे वर्ग घेते आणि शनिवारी दुपारी वांद्र्याला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर जाझ पियानो शिकायला जाते. त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून दिसतात. माझं मत आता पक्कं झालं आहे. आयत्या वेळी सुचणं ही गोष्ट आपण मुलांना शिकवतच नाही. ज्याला येतं त्याला ते देवानं दिलं, असं म्हणून मोकळे होतो. पण ते शिकवता येतं. चारचौघांत बसून, हातात पेन्सिल घेऊन शिकवता येतं.

वांद्र्याचे आमचे सर मूळ गोव्याचे. वर्गात एक दंतवैद्य आहेत, पियानोच्या आठही ग्रेड पार केलेला कॉलेजातला एक मुलगा आहे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आणि तिथेच गाणारी एक मुलगी आहे, आणि मी. मला सगळे ‘टीचर’ म्हणतात. वर्गाचा नेम साधा आहे. प्रत्येकानं आठवडाभरात ब्लूजच्या साच्यातल्या एका कोरसचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा बारचा सोलो लिहून आणायचा. आल्यावर सर म्हणतात, ‘टीचर, तुमचा डॉक्टरांना द्या.’ स्वतःचा सोलो स्वतः वाजवायचा नाही. शेजारच्यानं आपला वाजवायचा आणि आपण हात मांडीवर ठेवून ऐकायचा. सगळं शिक्षण त्या ऐकण्यात आहे, असं मला वाटतं.

हे का, ते कळायला थोडं सुरांत शिरावं लागेल. घरात पेटी असेल तर वाचता वाचता करून बघा. पांढरी चारचा सा धरा. साध्या ब्लूजमध्ये पहिले चार बार डाव्या हाताखाली सा, ग, प आणि कोमल नि अशी कॉर्ड असते. पाचव्या बारला ती मध्यमावर जाते: म, ध, सा आणि कोमल ग. आता फक्त दोन सुरांकडे लक्ष द्या. पहिल्या कॉर्डमधला शुद्ध गंधार एक पट्टी खाली सरकून कोमल होतो आणि कोमल निषाद एक पट्टी खाली सरकून शुद्ध धैवत होतो. उरलेलं सगळं विसरून हे दोनच सूर धरले, तरी खालची जमीन बदलली हे ऐकणाऱ्याला कळतं. दोन्ही गंधार आपल्याला नवे नाहीत, जोग राग ऐकणाऱ्याच्या कानात ते आहेतच. पण आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज मैफलभर जागचा हलत नाही. इथे आधार स्वतःच चालू लागतो. पेटीवर तयार झालेल्या हाताला हीच गोष्ट पचायला सर्वांत जड जाते, कारण पहिल्या चार बारांत गोड लागलेली जागा पाचव्या बारात तशीच घेतली की खटकते.

हे गणित वाजवता वाजवता सुटत नाही. वेळच नसतो. लिहिताना असतो. पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर मी कोणता सूर ठेवणार, तिथे पोहोचायला चौथ्या बारात कुठून निघणार, याचा विचार करायला कागदावर हवी तितकी सवड मिळते. तासभर घासलेले ते दोन बार पुढे कधीतरी वाजवताना आपसूक हाताखाली येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आत्ताच सुचलं.

मध्यंतरी त्या कॉलेजातल्या मुलानं एक सोलो आणला. बाराच्या बारा बार आठव्या भागाच्या सुरांनी गच्च भरलेले, एकही विराम नाही. अक्षर सुरेख, कॉर्डनुसार प्रत्येक सूर बरोबर. सरांनी तो चर्चच्या मुलीला दिला आणि सांगितलं, आधी गा, मग वाजव. तिसऱ्या बारच्या शेवटी तिचा श्वास संपला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, म्हणून त्याची वाक्यं आपोआप तुटतात. पियानोवाल्याला कुणी थांबवत नाही, बोटं दमेपर्यंत तो बोलत राहू शकतो. मुलानं कुणी काही सांगायच्या आत खोडरबर मागितलं आणि चौथ्या बारचा दुसरा अर्धा भाग पुसला. दोन मात्रांची शांतता झाली. मग तिनं परत गायलं, आणि पाचव्या बारला तो कोमल गंधार इतका स्वच्छ ऐकू आला की डॉक्टर ‘वा’ म्हणाले. त्या सोलोत एकही नवा सूर पडला नव्हता. चार कमी झाले होते.

हे त्याला एकट्याला घरी कळलं नसतं, कारण आपण लिहिलेलं आपणच वाजवतो तेव्हा मनातलं गाणं त्यात मिसळून ऐकतो. दुसरा माणूस फक्त कागदावरचं वाजवतो. त्याची बोटं जिथे अडखळतात तिथे आपलं काहीतरी अडखळलेलं असतं. शिवाय तो कधी कधी आपल्याला न दिसलेलं काही काढतो. डॉक्टरांचा हात जड आहे, पण माझा एक साधा तीन सुरांचा तुकडा त्यांनी ठेक्याच्या किंचित मागे राहून वाजवला आणि त्याला डौल आला. तो तुकडा त्यांनी पुढच्या आठवड्यात स्वतःच्या सोलोच्या सुरुवातीला घेतला. जाझमध्ये याला चोरी म्हणत नाहीत. तुझं मी ऐकलं, असं सांगण्याची ती रीत आहे.

लिहिलेला सोलो म्हणजे जाझ नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी लुई आर्मस्ट्राँगकडे बघावं. ‘कॉर्नेट चॉप सुई’ ही त्याची रचना त्यानं 1924 साली कॉपीराइटसाठी लिहून पाठवली आणि 1926 साली ध्वनिमुद्रित केली. ऐकताना उसळून आल्यासारखं वाटणारं त्यातलं बरंच काही दोन वर्षं आधी कागदावर होतं. चार्ली पार्करनं तरुणपणी लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून सूर न् सूर उतरवून घोकले होते. आणि हे सगळं एकांतात घडलं असं समजू नये. 1940च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मेरी लू विल्यम्स या पियानोवादक बाईंच्या घरी रात्रीची कामं आटोपून थेलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन अशी मंडळी जमत. आपण काय नवं केलं ते एकमेकांना वाजवून दाखवत. आपण आज ज्यांना एकेकटे प्रतिभावंत म्हणून ओळखतो, ती माणसं एका पियानोभोवती दाटीनं उभी राहिलेली होती.

बॅरी हॅरिसचं नाव तर मला संगीताच्या प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी हवं आहे. डेट्रॉइटचा हा पियानोवादक 1929 सालचा. तरुणपणीच त्याच्या घरी मुलं शिकायला जमत, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यानं कित्येक दशकं वर्ग चालवले. 2021 साली तो गेला, त्याआधी साथीच्या काळातसुद्धा तो पडद्यावरून शिकवत होता. त्याच्या वर्गाची पद्धत अशी की तो एखाद्या गाण्याच्या कॉर्डवर तिथल्या तिथे एक तुकडा रचून म्हणे, सगळे मिळून तो वाजवत, मग पुढचा तुकडा. तास संपेपर्यंत पूर्ण सोलो उभा राही आणि तो सगळ्यांच्या हातात असे. आपली तालीम याहून फार वेगळी आहे का? गुरूनं म्हणावं, चार शिष्यांनी उचलावं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हॅरिसचा एक नियम सांगते, कारण तो ऐकल्यापासून मी पेटीसुद्धा वेगळी ऐकू लागले आहे. तार षड्जावरून कोमल निषाद घेत खाली उतरा, मात्रेला दोन सूर. सां नि, ध प, म ग, रे सा. मात्रेवर कोणते सूर पडले? सां, ध, म, रे. कॉर्डचे सूर मात्र मधल्या फटींत गेले. आता सां आणि कोमल नि यांच्यामध्ये शुद्ध निषाद घाला. सुरांची संख्या सातावरून आठ झाली. सां आणि शुद्ध नि, कोमल नि आणि ध, प आणि म, ग आणि रे. मात्रेवर आले सां, कोमल नि, प, ग, म्हणजे अख्खी कॉर्ड. एका जादा सुरानं सगळी ओळ ठेक्यात बसली. खमाजातले दोन्ही निषाद ओळखणाऱ्या मुलाला हे दहा मिनिटांत समजतं. मी शाळेत फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा सातवीतल्या मुलांना समजलं.

जाझ आपलं नाही, आपल्या मुलांनी हे का शिकावं, असंही कुणी कुणी म्हणतं. पण शिकागोत नाव कमावलेला टेडी वेदरफोर्ड 1930च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात पियानो वाजवत होता. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन वाचायला शिकलेली पोरं त्या काळी मुंबईत आली, अशा अमेरिकनांचं ऐकून जाझ शिकली आणि मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपले संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक होते. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या 1951 सालच्या ‘अलबेला’तली गाणी मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणली आहेत, त्यांत हे जाझ आहेच. वाचणं आणि उत्स्फूर्त वाजवणं या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, हा समज त्या वादकांना नव्हता. सकाळी स्टुडिओत लिहिलेलं वाजवायचं आणि रात्री हॉटेलात न लिहिलेलं, दोन्ही एकाच हातांनी.

आज आपण काय करतो? पियानोच्या क्लासला घातलेलं मूल वर्षभर ठरलेल्या दोन-तीन रचना, स्केल आणि वाचनाचा सराव करतं, परीक्षा देतं, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. पेटी आणि गाण्याच्या परीक्षांतही ताना शिक्षक वहीत लिहून देतात आणि मुलं त्या पाठ करून परीक्षकांपुढे म्हणतात. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. हात आणि कान त्यानंच तयार होतात, पार्करनंही तेच केलं. पण त्यापुढची पायरी आम्ही बांधलेलीच नाही. आठ ग्रेड झालेल्या मुलाला स्वतःचे चार बार वाजव म्हटलं की त्याचे हात हवेत राहतात, आणि तो स्वतःला कमी लेखतो. त्यात त्याचा काय दोष? इतक्या वर्षांत कुणी त्याला हे विचारलेलंच नसतं.

हल्ली फोनवर साथ देणारी ॲप्स आहेत. कॉर्ड टाकली की ड्रम आणि बेस वाजू लागतात. सरावाला ती चांगली आहेत, मी वापरते. पण ती ऐकत नाहीत. मी घाईत गेले तर ती सावरून घेत नाहीत, माझी एखादी जागा जमली तर त्यांचा ठेका खुलत नाही. आमच्या वर्गात शेवटची पंधरा मिनिटं चार-चार बारची देवाणघेवाण असते. मी चार बार वाजवायचे, लगेच पुढचे चार डॉक्टरांनी, मग मुलानं, मग मुलीनं. इथे कागद बंद. मी माझं ठरवून बसले आणि मुलीनं आधीच्या चार बारांत फक्त प आणि सां एवढेच दोन सूर घेतले, तर माझं ठरवलेलं टाकून द्यावं लागतं. एकदा तसंच झालं. ड्यूक एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’ची धून याच दोन सुरांवर उभी आहे, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी त्याच दोन सुरांनी उत्तर दिलं. आठवडाभर लिहिलं नसतं, तर त्या क्षणी दोन सुरांवर थांबायचं धैर्य मला झालं नसतं.

यंदा घरच्या पेटीच्या वर्गात मी हा प्रयोग सुरू केला आहे. महिन्याच्या शेवटच्या तासाला प्रत्येकानं भूपातली सोळा मात्रांची एक तान स्वतः लिहून आणायची आणि शेजारच्यानं ती वाजवायची. राग बिघडेल ही भीती खरी आहे, म्हणून सूर पाचच दिले आहेत आणि कुठे न्यास करायचा तेही सांगितलं आहे. पहिल्यांदा सगळ्यांनी पाठ असलेल्या तानाच उलटसुलट करून आणल्या. आता एक नऊ वर्षांची मुलगी मैत्रिणीला सांगते, तुझी तान गंधारावर थांबते ती मला आवडते, मी घेऊ का? पालक विचारतात, याचे मार्क कुठे मिळतात? कुठेच मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. पण परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी निदान पाच मिनिटं अशी ठेवावीत की परीक्षकांनी एक छोटी ओळ वाजवावी आणि मुलानं तिला स्वतःचं उत्तर द्यावं. चूक-बरोबर नको, फक्त ऐकून घ्यावं. शाळांत तर त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही. संगीताचा तास आहे, दोन पेट्या आहेत, फळा आहे.

या शनिवारी डॉक्टरांचा नवा सोलो माझ्याकडे आला आहे. नवव्या बारात त्यांनी पंचमाच्या कॉर्डवर शुद्ध आणि कोमल असे दोन्ही धैवत लागोपाठ घातले आहेत. हातानं वाजवला तर विचित्र वाटतो, गायला की बरोबर लागतो. काल रात्रभर मी त्याला बोटं कशी लावायची ते बघत होते. अंगठा आधी सरकवला तर जमेल असं वाटतंय.